मशरूमचं सूप : चव अळिंबीची, ताकद मूगडाळीची

आज आपण मशरूमचं सूप कसं करायचं ते बघणार आहोत. सूप हा शब्द नवा असला तरी वस्तू आपल्या चुलीला नवी नाही. आजाऱ्याला मुगाचं कढण देतो, थंडीत हुलग्याचं माडगं करतो, टोमॅटोचं सार करतो, पुरणाच्या दिवशी कटाची आमटी करतो. पातळ, गरम आणि पोटाला हलकं, असं प्यायचं अन्न आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यात फक्त मशरूम नव्हतं.

आता तेही आलं आहे. गंगापूर तालुक्यातच वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या कामगार वस्त्यांमुळे भाजीच्या दुकानात पांढऱ्या बटन मशरूमची पाकिटं दिसू लागली, आणि हळूहळू ती गावांपर्यंतही पोचली. लग्नाच्या पंगतीत "मशरूम सूप"चं टेबल असतं. गटांच्या बैठकीत बायका आम्हाला विचारतात, "ताई, त्यात म्हणे मटणाएवढी ताकद असते, खरं का?" म्हणून आधी हाच हिशेब करू, कारण प्रश्न घरातल्या पैशाचा आणि घरातल्या माणसांच्या पोटाचा आहे.

ताज्या मशरूमचं नव्वद टक्के वजन पाण्याचं असतं. शंभर ग्रॅम मशरूममध्ये प्रथिनं, म्हणजे प्रोटीन, साधारण 3 ग्रॅम. एका पाकिटात 200 ग्रॅम मशरूम येतं, त्यातून साधारण 6 ग्रॅम मिळालं. चौघांनी वाटून प्यालं तर माणशी दीड ग्रॅम. आता मूगडाळ घ्या. शंभर ग्रॅम डाळीत 24 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. अर्धी वाटी डाळ म्हणजे सुमारे 75 ग्रॅम, त्यातून 18 ग्रॅम, माणशी साडेचार. पाकिटाला 40 ते 60 रुपये पडतात आणि अर्ध्या वाटी डाळीला दहाच्या आतबाहेर. जाहिरातीत जो आकडा सांगतात तो पुष्कळदा वाळवलेल्या मशरूमचा असतो. वाळवल्यावर पाणी निघून जातं, मग शंभर ग्रॅममागे आकडा मोठाच दिसणार. पण वाळवलेलं शंभर ग्रॅम मशरूम एका वेळी कोण खातं?

मग मशरूम घ्यायचंच कशाला? चवीसाठी घ्यायचं, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. पिकलेल्या टोमॅटोला, मटणाच्या रश्श्याला जी भरीव, जिभेवर रेंगाळणारी चव असते, तिच्यामागे ग्लुटामेट नावाचा पदार्थ असतो. तो मशरूममध्ये मुळातच भरपूर आहे. चायनीजच्या गाडीवर जे अजिनोमोटो टाकतात, ते याच ग्लुटामेटचं मीठ. मशरूम असलं की वरून काही टाकावं लागत नाही आणि तेल-तिखट-मीठ कमी घातलं तरी सूप पाणचट लागत नाही. ज्यांच्या घरात रक्तदाबाचं माणूस आहे त्यांना हा उपयोग मोठा आहे. शिवाय मशरूममध्ये काही ब जीवनसत्त्वं, पोटॅशियम आणि थोडा चोथा असतो, आणि चरबी जवळपास नसतेच. म्हणून आम्ही सांगतो ते सूप असं आहे : चव मशरूमची, ताकद मूगडाळीची. नुसतं मशरूम पाण्यात उकळून "प्रोटीन सूप" म्हणून लहान मुलांना किंवा गरोदर बाईला पाजू नका. त्याने पोट भरल्यासारखं वाटेल, पण अंगी काही लागणार नाही.

आणखी दोन गोष्टी ऐकायला मिळतात, त्याही इथेच निकाली काढू. मशरूमने रक्त वाढतं, असं म्हणतात. त्यात लोह आहे, पण थोडं. अंगावरून जास्त जाणाऱ्या किंवा गरोदर बाईला आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी बंद करून सूप सुरू करणं म्हणजे नुकसान आहे. गोळी चालूच ठेवायची, आणि दूध घातलेल्या सूपाबरोबर किंवा चहाबरोबर ती घ्यायची नाही, कारण दुधा-चहाने लोह अंगात कमी शोषलं जातं. दुसरं, बी-बारा. ते मशरूममधून पुरेसं मिळत नाही. शाकाहारी घरात त्यासाठी दूध-दही आणि गरज पडली तर डॉक्टरांचा सल्ला, हाच मार्ग.

ड जीवनसत्त्वाचं मात्र खरं आहे, आणि मोठं गमतीचं आहे. आपल्या कातडीवर ऊन पडलं की ड जीवनसत्त्व तयार होतं, तसंच ते मशरूममध्येही होतं. दुकानातलं मशरूम अंधाऱ्या खोलीत वाढलेलं असतं, त्यामुळे त्यात ते जवळपास नसतं. पण चिरून, ताटात पसरून, सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान पंधरा-वीस मिनिटं थेट उन्हात ठेवलं की ते वाढतं, आणि शिजवल्यावरही बरंचसं टिकून राहतं. खिडकीच्या काचेआडचं ऊन चालत नाही. बाकी आपल्या तालुक्यात कशाची टंचाई असेल ती असो, उन्हाची नाही.

आता एक गोष्ट कृतीच्या आधी सांगतो, कारण ती चुकली तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. पाऊस पडून गेला की बांधावर, उकिरड्याशेजारी, बाभळीच्या बुंध्याशी छत्र्या उगवतात. आपण त्यांना कुत्र्याची छत्री म्हणतो. त्या तोडून आणायच्या नाहीत. पूर्व विदर्भात सात्या, कोकणात अळंबी आणि गोव्यात अळमी पावसाळ्यात रानातून आणून खातात हे खरं आहे. पण तिथे कोणती खायची आणि कोणती नाही ही ओळख पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि तरीही चूक होते. आपल्याकडे ती ओळखच नाही. "लसूण घातला आणि काळा पडला नाही तर खायला हरकत नाही", "चांदीचं नाणं टाकून बघा", "किड्याने खाल्लेली असली म्हणजे चांगली" या सगळ्या समजुती खोट्या आहेत. काही विषारी छत्र्यांचं विष कितीही उकळलं तरी जात नाही. सगळ्यात वाईट जातीत पहिले सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ, काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात, एखादा दिवस बरं वाटतं, घरचे निश्चिंत होतात, आणि आतून यकृत निकामी होत असतं. रानातली छत्री खाऊन कोणाला त्रास झाला तर बरं वाटेल म्हणून थांबू नका. 108 ला फोन करा, आणि उरलेली छत्री किंवा भाजी डब्यात घालून दवाखान्यात सोबत न्या. ज्यांनी ती खाल्ली पण अजून त्रास नाही, त्यांनाही न्या.

आपल्या सूपाला लागवडीचंच मशरूम घ्यायचं. त्याचे दोन प्रकार आपल्याला मिळतात. एक बटन, म्हणजे पांढरं, गोल. ते थंड, तापमान सांभाळलेल्या खोल्यांत वाढवतात. दुसरं धिंगरी. ते शिंपल्यासारखं पसरट, राखाडी किंवा पांढरट असतं. सूपाला दोन्ही चालतात. बटनाचा वास सौम्य, धिंगरीचा थोडा रानवट आणि तिचा तुकडा चिवट.

विकत घेताना पाकीट हातात घेऊन बघा. आत पाण्याचे थेंब जमलेत, मशरूम बुळबुळीत झालंय, आंबूस वास येतोय किंवा पाकीट फुगलंय, तर ठेवून द्या. थोडे तपकिरी डाग असले तर त्याने बिघडत नाही. फ्रीज नसेल तर आणल्या दिवशीच वापरा. असेल तर प्लॅस्टिकमधून काढून कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ते घाम सोडतं आणि दोन दिवसांत खराब होतं.

साफ करताना त्याला पाण्यात बुडवून ठेवू नका. वाहत्या पाण्याखाली पटकन धुवा आणि कोरड्या फडक्याने लगेच पुसा. सालं काढायची गरज नाही. देठही फेकू नका, फक्त खालचं मातकट टोक उडवा. धिंगरीचा बुंधा फार चिवट असतो, तो काढला तरी चालेल.

चौघांसाठी सूप करायचं तर अर्धी वाटी मूगडाळ, 200 ग्रॅम मशरूम, एक मोठा कांदा, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, एक चमचा तेल किंवा तूप, जिरं, मिरे, मीठ आणि मूठभर कोथिंबीर लागेल. चमचा म्हणजे आपला पोहे खायचा चमचा.

डाळ धुऊन तीन वाट्या पाण्यात चिमूटभर हळद घालून मऊ शिजवा. कुकर असेल तर तीन शिट्ट्या पुरतात. मग रवीने घोटून घ्या. मिक्सर नको, आणि लाईट गेली असली तरी अडत नाही.

तोवर मशरूम चिरा. निम्मं पातळ कापा, निम्मं अगदी बारीक. कढई कोरडीच तापवा, तेल घालू नका, मीठही नको. मशरूम टाकून पसरून द्या. एका वेळी मावेल तेवढंच घाला, ढीग केला तर ते भाजण्याऐवजी उकडतं. दोन मिनिटांत त्याला पाणी सुटेल आणि कढईत रस्सा झाल्यासारखा दिसेल. पुष्कळजणी इथेच "शिजलं" म्हणून पुढे जातात. थांबा. ते सगळं पाणी आटू द्या, मग मशरूम कढईला लागायला लागेल, कडा तांबूस होतील आणि घरभर खमंग वास सुटेल. सूपाची चव या टप्प्यावर तयार होते. चुलीवर करत असाल तर पऱ्हाटीचा जाळ एकदम भडकतो आणि लगेच उतरतो, म्हणून एखादं जाड लाकूड आत सारून जाळ सारखा ठेवा. सगळं मिळून सात-आठ मिनिटं लागतात. मशरूम जास्त शिजून लगदा होईल ही भीती नको. वांग्या-दोडक्यासारखं ते विरघळत नाही. त्याच्या पेशींच्या भिंती वेगळ्या द्रव्याच्या असतात, किड्यांच्या कवचात असतं त्या जातीच्या, आणि ते उष्णतेने मोडत नाही. याच कारणाने मशरूम कच्चं खाल्लं तर पोटाला जड जातं. नीट शिजवून, नीट चावून खायचं.

भाजलेलं पातळ कापलेलं मशरूम ताटलीत काढून ठेवा, बारीक कढईतच राहू द्या. आता एक चमचा तेल घाला, जिरं तडतडू द्या, ठेचलेला लसूण, आलं आणि बारीक कांदा घाला. कांद्याला पाणी सुटलं की कढईच्या तळाला चिकटलेलं तपकिरी उलथण्याने खरवडून त्यात मिसळा. ते करपलेलं नाही, काळं झालेलं असेल तरच टाकायचं. कांदा मऊ झाला की घोटलेली डाळ ओता, वर तीन वाट्या गरम पाणी, आणि पाच-सात मिनिटं उकळू द्या. शेवटी मीठ, भरड कुटलेले मिरे आणि काढून ठेवलेलं मशरूम. वाढताना कोथिंबीर, आणि हवं असेल तर लिंबू.

मिठाचं माप लक्षात ठेवा. चौघांच्या या सूपाला पाऊण छोटा चमचा, चहाचा, पुरतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सगळ्या जेवणात मिळून एक सपाट छोटा चमचाही नाही. भाकरीबरोबर ठेचा आणि लोणचं असणारच, तेव्हा सूपात हात आखडता ठेवलेला बरा. बाजारात सूपाची तयार पुडी मिळते. तिच्या मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मशरूम कितव्या नंबरवर आहे आणि मीठ-साखर कितव्या, एवढं बघितलं की घ्यायची का नाही ते तुमचं तुम्हीच ठरवाल.

हॉटेलसारखं पांढरं, दाट सूप मुलांना आवडतं. हॉटेलात त्यासाठी मैदा, कॉर्नफ्लोअर आणि मलई घालतात. आपल्याकडे ज्वारीचं पीठ आहे. डाळीऐवजी दोन चमचे पीठ तुपावर खमंग होईपर्यंत भाजा, ताटात काढून निववा, मग अर्धी वाटी गार पाण्यात कालवून उकळत्या सूपात ओतत हलवत राहा. पीठ थेट गरम पाण्यात टाकलं तर प्रत्येक गुठळीचा बाहेरचा थर फुगून बंद होतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. पिठलं करणाऱ्या बाईला हे सांगायला नको. शेवटी जाळ कमी करून एक वाटी गरम दूध घाला आणि एक उकळी येण्याआधी उतरवा. या सूपात लिंबू पिळायचं नाही, दूध फाटतं. डाळीचं सूप जास्त पोषक आणि दुधाचं जास्त लाडाचं, असं आमचं मत आहे. घरात दोन्ही चाललं पाहिजे.

काही घरांत मशरूम मांसाहारी समजतात आणि माळकरी माणसं त्याला हात लावत नाहीत. मशरूम प्राणी नाही, तशी ती वनस्पतीही नाही. ती बुरशी आहे, पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या कुळातली. एवढी माहिती द्यावी आणि खायचं की नाही हे ज्याचं त्याला ठरवू द्यावं, सुनेनं चोरून ताटात वाढू नये. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी आलं, जिरं आणि थोडा दुधी भोपळा किसून घातला तरी सूप छान लागतं.

पहिल्यांदा खाणाऱ्याने अर्धी वाटीच घ्यावी. एखाद्याला मशरूम सोसत नाही, अंगावर पित्त उठतं किंवा पोट दुखतं. त्यांनी पुन्हा खाऊ नये. युरिक ॲसिडने सांधे दुखणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. उरलेलं सूप दिवसभर चुलीशेजारी कोमट ठेवू नका. डाळ-दुधाचा पदार्थ आहे, दोन तासांत संपवा, नाहीतर निववून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खळखळून उकळा.

ज्या गटांना हे सूप आवडेल त्या पुढचा प्रश्न विचारणारच : हे पाकीट दर वेळी विकत आणायचं का? धिंगरी आपल्याकडे पिकते. तिला शेत लागत नाही, गव्हाचं काड किंवा सोयाबीनचं भुसकट लागतं, जे आपल्याकडे गोठ्याशेजारी पडलेलं असतं. काड दोन-तीन इंच तोडून रात्रभर भिजवायचं, गरम पाण्यात तासभर ठेवून निर्जंतुक करायचं, निथळून प्लॅस्टिकच्या पिशवीत थरावर थर भरायचं आणि मधे मशरूमचं बियाणं, ज्याला स्पॉन म्हणतात, ते पेरायचं. वीस-पंचवीस दिवसांत पहिली तोडणी मिळते. एक किलो कोरड्या काडातून साधारण अर्धा ते पाऊण किलो धिंगरी निघते. हवा 20 ते 28 अंशांची आणि खोली ओलसर लागते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. एप्रिल-मेच्या झळांत पोती भिजवूनही निभत नाही, तेव्हा वर्षभर उत्पन्नाचं गणित कोणी कागदावर मांडून दाखवलं तर हिवाळ्याचे चार महिनेच धरा. खोलीत शिरताना तोंडाला फडकं बांधा, धिंगरीची बारीक भुकटी उडते आणि काहींना त्याने खोकला, दमा लागतो.

मशरूमच्या संशोधनाची देशातली मुख्य संस्था हिमाचल प्रदेशातल्या सोलनला आहे, 1983 साली ती राष्ट्रीय केंद्र म्हणून सुरू झाली. आपल्या राज्यात पुण्याच्या कृषी महाविद्यालयात यावर काम चालतं. आपल्याला एवढ्या लांब जायला नको. बियाणं कुठून घ्यायचं, प्रशिक्षण कधी आहे, हे गांधेलीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात विचारा. बियाणं ताजं, पांढरंशुभ्र हवं. हिरवा-काळा डाग असेल तर परत करा.

माल जास्त निघाला तर तो वाळवा. पातळ उभे तुकडे करून मलमलच्या कापडावर कडक उन्हात टाकायचे, वरून दुसरं कापड. दोन-तीन दिवसांत ते कुरकुरीत होतात. एक किलो ओल्याचे साधारण शंभर ग्रॅम उरतात. मोडल्यावर कट्‌कन आवाज आला तरच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, नुसतं वाकलं तर आत ओल आहे आणि बुरशी धरेल. सूपाला वापरताना मूठभर तुकडे वीस मिनिटं कोमट पाण्यात भिजवायचे. ते पाणी फेकायचं नाही, फडक्याने गाळून डाळीतच ओतायचं, कारण निम्मी चव त्यात उतरलेली असते. गटातर्फे सूप किंवा वाळवलेली धिंगरी बाजारात विकायची असेल तर अन्न नोंदणी आधी करून घ्या, आणि पाकिटावर "प्रोटीनचा खजिना" असलं काही छापू नका. तुमची गिऱ्हाईकं पुढच्या आठवड्यालाही याच बाजारात भेटणार आहेत.